कोण उघडतं, कोण मिटवतं: बेळगावहून सरांना पत्र

आदरणीय सर,

सा. न. वि. वि.

उद्यमबाग-मच्छे भागातल्या फाउंड्र्या आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने, शहापूरची साडीची दुकानं, निपाणीच्या तंबाखूच्या वखारी यांच्या बिलांची नि साठ्याची सॉफ्टवेअरं सांभाळणारे आम्ही तुमचे विद्यार्थी. आभार मोघम मानू नयेत, कशाकशाबद्दल ते नेमकं सांगावं, म्हणून हे पत्र उघडं लिहितोय. एंटरप्राइज जावाबीन्स (धंद्याच्या मोठ्या प्रोग्रामांसाठीची जावाची पद्धत; तिच्यातला कामाचा एकेक तुकडा म्हणजे 'बीन') शिकायला बसलेल्या इथल्या आणखी कुणाला त्यातून काही मिळालं तर तेही तुमच्याच खात्यावर.

पहिले आभार एका प्रश्नाचे. डेटाबेसचं कनेक्शन असो, लॉक (एकजण वापरत असताना दुसऱ्याला थांबवणारं कुलूप) असो, ट्रान्झॅक्शन असो, बीनमध्ये साठवलेली माहिती असो, प्रत्येक ठिकाणी तुम्ही एकच विचारायला लावलंत: हे कोण उघडतं आणि कोण मिटवतं? ट्रान्झॅक्शनला तुम्ही पहिल्या दिवसापासून 'व्यवहार' म्हणालात, आणि गणपत गल्लीतल्या दुकानात तो शब्द ज्या अर्थानं वापरतात तोच अर्थ कायम ठेवलात. पैसे दिले पण माल हातात आला नाही, तर व्यवहार झाला असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही. ॲप्लिकेशन सर्व्हर (बीन चालवणारा प्रोग्राम) तरी याहून वेगळं काय सांगतो? कॉलेजात इंग्रजीतून पाठ केलेली व्याख्या या एका शब्दानं आम्हाला कळली. वर्गात कन्नड बोलणारी मुलं होती, त्यांना तुम्ही तीच गोष्ट कन्नडमधून पुन्हा सांगायचात. त्याचेही आभार.

दुसरे आभार, सुरुवातीला एक बीन जुन्या पद्धतीनं लिहायला लावल्याबद्दल. २००६ साली तिसरी आवृत्ती येण्याआधी एका साध्या सेशन बीनला (बोलावलं की काम करून देणाऱ्या बीनला) होम इंटरफेस, रिमोट इंटरफेस आणि प्रत्यक्ष क्लास अशा तीन फायली लागत, शिवाय एक्सएमएलचं वर्णनपत्र. आज एका ॲनोटेशनवर (क्लासवर किंवा मेथडवर लावायच्या खुणेवर) काम भागतं. पण त्या जुन्या खटाटोपातून एक गोष्ट डोळ्यांना दिसते: बोलावणारा कोड आणि आपला क्लास यांच्यामध्ये कंटेनरचा (सर्व्हरमधल्या बीन सांभाळणाऱ्या भागाचा) प्रॉक्सी, म्हणजे मधला प्रतिनिधी, उभा असतो. व्यवहार उघडणं, मिटवणं, परवानगी तपासणं, पूलमधून (तयार बीनच्या साठ्यातून) बीन काढून देणं, सगळं तो करतो. नव्या पद्धतीत तो असतोच, फक्त दिसत नाही. आमच्याकडे येणाऱ्या निम्म्याअधिक चुका त्या न दिसण्यातून होतात, असं आमचं ठाम मत आहे.

त्यातली सगळ्यात छळणारी चूक अशी. एकाच क्लासमधल्या एका मेथडनं दुसरी मेथड सरळ बोलावली. दुसरीवर 'रिक्वायर्स न्यू' लिहिलंय, म्हणजे तिला स्वतंत्र व्यवहार हवाय. पण हाक घरातल्या घरात मारली, प्रॉक्सी वाटेत आलाच नाही, त्यामुळं ॲनोटेशन कुणी वाचलंच नाही. कंपाइलर बोलत नाही, लॉगमध्ये काही उमटत नाही. उपाय दोन: ती मेथड वेगळ्या बीनमध्ये न्यायची, नाहीतर सेशन कॉन्टेक्स्टकडून स्वतःचाच प्रॉक्सी मागून त्याच्यामार्फत बोलावायचं. आम्ही पहिला उपाय वापरतो, कारण दुसरा वाचणाऱ्याला चटकन कळत नाही. स्प्रिंग या दुसऱ्या जावा फ्रेमवर्कमध्येही नेहमीच्या प्रॉक्सी पद्धतीत हेच घडतं, म्हणून हा धडा तिकडे गेलेल्यांनाही पुरला.

आता त्या बिलाबद्दल. सगळा विषय तुम्ही एकाच बिलावर शिकवलात: बेळगावचा कारखाना चंदगडच्या गिऱ्हाइकाला माल पाठवतो. तासाभराच्या वाटेवर राज्य बदलतं. जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक कर्नाटकाचे २९, महाराष्ट्राचे २७. हाच माल खानापूरला किंवा हुक्केरीला गेला तर केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी, चंदगडला गेला तर आंतरराज्य आयजीएसटी. सीमाभागातल्या प्रोग्रामरला हा फाटा रोज भेटतो, आणि तो बारा ठिकाणी इफ-एल्स लिहून सोडवायचा नसतो, हे तुम्ही बजावलंत. बिल कुणाच्या नावावर आणि मालाची पोच कुठं, ही दोन्ही माहिती नोंदवायची, नियम सीएकडून लिहून घ्यायचा आणि तो एकाच स्टेटलेस (कुणाची माहिती लक्षात न ठेवणाऱ्या) बीनमध्ये ठेवायचा.

पैशाचं गणित तुम्ही बिगडेसिमलमध्येच (दशांश आकडा अचूक ठेवणाऱ्या जावाच्या प्रकारात) करायला लावलंत. डबल या अपूर्णांकाच्या नेहमीच्या प्रकारात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, हे एकदा पडद्यावर पाहिलं की पटतं. बिगडेसिमल बनवतानाही आकडा स्ट्रिंगमधून द्यायचा, डबलमधून दिला तर ती चूक आत शिरतेच. राउंडिंगचा नियम न सांगता दशांशस्थळं कमी करायला गेलं तर एक्सेप्शन, म्हणजे चूक झाल्याची सूचना, येतं, आणि ते बरंच आहे. तुमचं पैशाचं उदाहरण आम्ही अजून नव्या मुलांना देतो: रक्कम १,२५०.५० रुपये, दर १८ टक्के. दोन करांना निम्मा-निम्मा दर, म्हणून नऊ टक्क्यांनी ११२.५४५ येतात, पूर्णांकित होऊन ११२.५५, दोन कर मिळून २२५.१०. एकदम अठरा टक्क्यांनी काढलं तर २२५.०९. एका पैशाचा फरक! एकूण कर काढून त्याचे दोन भाग करणारा कोड आणि प्रत्येक कर वेगळा काढणारा कोड एकाच सॉफ्टवेअरमध्ये असले, तर महिनाअखेरीला ताळा जुळत नाही आणि कारण सापडत नाही.

बिलाच्या नंबराबद्दलचे आभार मात्र मोठे. जीएसटीच्या नियमाप्रमाणे बिलाला सलग क्रमांक हवा, तो सोळा अक्षरांपेक्षा मोठा नको आणि आर्थिक वर्षात दुसऱ्यांदा यायला नको. डेटाबेसचा सिक्वेन्स (आपोआप पुढचा क्रमांक देणारी सोय) वापरावा असं कुणालाही वाटतं. पण रोलबॅक झाला, म्हणजे व्यवहार रद्द होऊन मागे फिरला, तरी सिक्वेन्स मागे येत नाही, क्रमांकात खड्डा राहतो. नंबर 'रिक्वायर्स न्यू'मध्ये घेतला तरी तेच, कारण तो व्यवहार आधीच मिटलेला असतो. म्हणून काउंटरचं वेगळं टेबल, मालिकेला एक रो, आणि बिलाच्याच व्यवहारात त्या रोवर पेसिमिस्टिक राइट लॉक (आधीच लावून ठेवलेलं कुलूप). कंटेनर व्यवहार मिटवतो, तेव्हाच डेटाबेस तो लॉक सोडतो. म्हणजे नंबर घेतल्यापासून कमिटपर्यंत (व्यवहार पक्का होईपर्यंत) त्या मालिकेतलं दुसरं कुठलंही बिल थांबून राहणार. म्हणूनच तुमचा क्रम: आधी गिऱ्हाइकाची तपासणी, मग कर, मग साठा, मग खतावणी, आणि नंबर सगळ्यात शेवटी. सरकारी पोर्टलला किंवा कुठल्याही बाहेरच्या सर्व्हरला या व्यवहारात हाक मारायची नाही. ते उत्तर यायला तीस सेकंद लागले, तर तीस सेकंद अख्खं काउंटर बंद.

'रिक्वायर्स न्यू' कुठं योग्य, तेही तुम्हीच दाखवलंत: कुणी काय करायचा प्रयत्न केला याची नोंद. बिल फसलं तरी ती टिकायला हवी. पण त्या नोंदीसाठी दुसरं कनेक्शन लागतं आणि पहिलं तोवर अडकून असतं. कनेक्शनच्या पूलमध्ये दहा कनेक्शन आहेत, दहा जण एकाच वेळी बिल सेव्ह करतायत, प्रत्येकानं एक धरलंय आणि प्रत्येकाला दुसरं हवंय. कुणालाच मिळत नाही, टाइमआउट होईपर्यंत सगळे थांबतात. अशा वेळी डेटाबेस मात्र मोकळाच असतो, म्हणून लोक भलतीकडे शोधत बसतात. किमान किती कनेक्शन हवीत त्याचा हिशेब साधा आहे: प्रत्येकाला एकाच वेळी लागणाऱ्या कनेक्शनांतून एक वजा करा, माणसांच्या संख्येनं गुणा, एक मिळवा. इथं अकरा. अकरावं असलं की कुणीतरी एक पुढं सरकतो आणि कोंडी फुटते.

एक्सेप्शनच्या बाबतीत आम्ही सगळेच चुकत होतो. रनटाइम एक्सेप्शन बाहेर पडलं तर कंटेनर रोलबॅक करतो. चेक्ड एक्सेप्शनला (जे मेथडवर आधी जाहीर करावं लागतं त्याला) मात्र तो धंद्यातला नेहमीचा नकार समजतो आणि झालंय तेवढं कमिट करतो. खतावणी लिहून झाल्यावर 'साठा शिल्लक नाही' असं चेक्ड एक्सेप्शन टाकलं, तर खतावणीतली नोंद तशीच राहते. त्या क्लासवर ॲप्लिकेशन एक्सेप्शनचं ॲनोटेशन लावून रोलबॅक ट्रू करायचं, किंवा टाकण्याआधी सेट रोलबॅक ओन्ली बोलावायचं. याच्या उलटी चूकही होते. त्याच व्यवहारातल्या दुसऱ्या बीननं टाकलेलं रनटाइम एक्सेप्शन कॅचमध्ये गिळून पुढचं काम करत राहायचं. व्यवहारावर तोवर फुली पडलेली असते. शेवटी कमिटच्या जागी रोलबॅकच होतो. आणि कंटेनर व्यवहार सांभाळत असताना कनेक्शनवर आपण कमिट बोलवायचं नाही. जे आपण उघडलं नाही ते आपण मिटवायचं नाही.

स्टेटलेस बीनच्या फील्डमध्ये गिऱ्हाइकाची माहिती ठेवू नये, हे थोडक्यात. एकट्यानं तपासताना पूलमधून बहुधा तोच बीन परत मिळतो, सगळं बरोबर वाटतं. दहा जण बसले की एकाचं नाव दुसऱ्याच्या बिलावर जातं. स्टेटफुल (माहिती लक्षात ठेवणारा) बीन आमच्या कामात फार लागत नाही. लागला तर रिमूव्हची मेथड आणि टाइमआउट दोन्ही हवेत.

सिंगलटन (सगळ्यांसाठी एकच असलेल्या) बीनमध्ये कराचे दर ठेवायला तुम्ही सांगितलंत, आणि लगेच लॉककडे बोट दाखवलंत. सिंगलटनवर काहीच लिहिलं नाही तर प्रत्येक मेथडला राइट लॉक असतो, एका वेळी एकच जण आत. दर नुसते वाचायचे असतील तर त्या मेथडवर रीड लॉक लिहा. दराशेजारी लागू तारीख ठेवायची सवयही तुमचीच. २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, तेव्हा तारखेचा रकाना असलेल्यांना टेबलात नव्या ओळी घालून काम करता आलं. ज्यांनी जुना आकडाच बदलला, त्यांची आधीची बिलं पुन्हा छापताना चुकीचा कर दाखवू लागली.

रात्रीच्या ताळ्याचा टायमर. तो सांगितलं नाही तर पर्सिस्टंट (सर्व्हर बंद झाला तरी टिकणारा) असतो. रात्री दहाला वीज गेलेली असली आणि सर्व्हर सकाळी सुरू झाला, तर चुकलेला टायमर तेव्हा वाजतो. ताळ्यासाठी हे हवंय; पण मेथडमध्ये 'आजची तारीख' घेतली असेल तर ताळा भलत्याच दिवसाचा निघतो. शेवटचा पूर्ण झालेला दिवस टेबलात ठेवा आणि तिथून पुढं चला. सर्व्हर क्लाउडवर यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेवर असेल तर रात्रीचे दहा म्हणजे आपल्याकडचे पहाटेचे साडेतीन, म्हणून टाइमझोन एशिया-कोलकाता असा स्पष्ट लिहावा.

ई-वे बिल (मालवाहतुकीसाठीचा सरकारी दस्तऐवज) पन्नास हजारांवरच्या मालाला. ते काम क्यूमध्ये (मेसेजांच्या रांगेत) टाकून मेसेज-ड्रिव्हन बीनकडे, म्हणजे मेसेज आला की चालणाऱ्या बीनकडे, द्यायचं. डेटाबेस आणि क्यू दोन्ही एकाच व्यवहारात हवे असतील तर दोन्हीकडे एक्सए (दोघांचा मिळून एकच व्यवहार करायची सोय) लागतं. नसेल तर मेसेज आधी पोचू शकतो, बिल अजून कमिट व्हायचं असतं, आणि बीन म्हणतो असं बिलच नाही. एक्सए जमत नसेल तर बिलाच्याच व्यवहारात 'पाठवायचं आहे' अशी एक ओळ टेबलात लिहायची आणि टायमरनं ती उचलायची. लहान कारखान्यासाठी हेच बरं. मेसेज दोनदा येऊ शकतो हे धरूनच चालायचं: बिलाच्या नंबरावर युनिक कन्स्ट्रेंट (एका नंबराची एकच नोंद, असा डेटाबेसचा नियम), आणि पोर्टलकडे नवं मागण्याआधी आपल्याकडची नोंद पाहायची.

नावांचं राहिलंच. गिऱ्हाइकांची नावं इथं मराठीत येतात, कन्नडमध्येही येतात. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा आणि कन्नडचा प्रत्येक कोडपॉइंट (अक्षर किंवा काना-मात्रेसारखं चिन्ह) तीन बाइट घेतो. 'बेळगाव' हे सहा कोडपॉइंट, अठरा बाइट. ओरॅकल डेटाबेसमध्ये लांबी मुळात बाइटमध्ये मोजली जाते, त्यामुळं चाळीसच्या रकान्यात तेरा कोडपॉइंट मावतात आणि काना-मात्राही त्यातच. लांबी कॅरेक्टरमध्ये मागायची. शहराचं अधिकृत नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावी झालं, लोक पत्ता दोन्ही तऱ्हांनी सांगतात, म्हणून पत्ता जुळवायचा तो पिनकोडवरून, नावावरून नाही.

तुम्ही हे सगळं प्रत्येकाला शिकवायला गेला नाहीत, याचंही आम्हाला मोल आहे. एका काउंटरच्या दुकानाला ॲप्लिकेशन सर्व्हर नको, असं तुम्ही स्पष्ट सांगायचात आणि साध्या प्रोग्रामवर त्याचं काम भागवायला लावायचात.

तुमची हाताने लिहिलेली वही झेरॉक्स होऊन अजून फिरतेय. तिच्यातलं एक पान तेवढं आम्ही बदललंय. २०२० मध्ये जकार्ता ईई ९ (एंटरप्राइज जावाची पुढची आवृत्ती) आलं, पॅकेजांची 'जावाएक्स' ही सुरुवात गेली आणि 'जकार्ता' आली. जुनी लायब्ररी सोबत राहिली तर कोड कंपाइल होतो, पण नवा सर्व्हर जुनं ॲनोटेशन ओळखत नाही. त्याच्या लेखी तो बीनच नसतो आणि लुकअपला (नावानं बीन शोधताना) नाव सापडत नाही. त्या पानावर लाल शाईनं ही सूचना लिहिलीय. बाकीची पानं तुमच्या अक्षरात आहेत तशीच आहेत.

कळावे, लोभ असावा.

आपले विद्यार्थी,
बेळगाव