गड्ड्याचे फोटो आणि डायलवरचा हिरवा ‘ऑटो’

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची यात्रा, म्हणजे आपला गड्डा, जवळ आली की घरोघरचे छोटे डिजिटल कॅमेरे कपाटातून बाहेर निघतात. कॉलेजची मुले तर हल्ली वापरलेले जुने कॅमेरे हौसेने विकत घेतात. पण डायल एकदा हिरव्या ‘ऑटो’वर बसला की दारूकामाच्या रात्रीपर्यंत तिथेच राहतो आणि फोटो फसले की खापर कॅमेऱ्यावर फुटते.

नंदीध्वजांची मिरवणूकच घ्या. पांढऱ्या बाराबंदीतल्या भाविकांनी चौकट भरली की कॅमेऱ्याचे उजेड मोजणारे मीटर फसते. इतका पांढरा रंग म्हणजे उजेड जास्त झाला, असे समजून ते फोटो काळवंडवते. कपडे मळकट आणि चेहरे काळे येतात. डायल ‘पी’वर (प्रोग्राम मोड) घ्यावा आणि फोटोचा उजळपणा कमी-जास्त करणाऱ्या अधिक-उणे चिन्हाच्या बटणाने +०.७ ते +१ करावे. उलट सावलीतल्या गर्दीपुढे एकच मानकरी उन्हात उभा असेल तर -०.७ ठेवावे, नाहीतर बाराबंदीचे बंद आणि चुण्या पांढऱ्यात विरून जातात. ‘ऑटो’त बहुतेक कॅमेरे या बटणाला दादच देत नाहीत.

होम मैदानावर रात्री फ्लॅश बंदच बरा. छोट्या कॅमेऱ्याचा फ्लॅश जेमतेम तीन-चार मीटर पोचतो. शिवाय तो लेन्सला खेटून असल्याने समोरची धूळ उजळते आणि फोटोभर पांढरे गोल ठिपके उमटतात. त्यात कुणाला दैवी प्रकाश दिसतो. ती होम मैदानाची धूळ असते. माणसाचा चेहरा आणि मागची रोषणाई दोन्ही हवी असेल तर ‘नाइट पोर्ट्रेट’ मोड आहे; त्यात फ्लॅश पडल्यावरही शटर काही क्षण उघडे राहते, म्हणून समोरच्याने लगेच हलू नये.

दारूकामासाठी सीन मोडमध्ये ‘फायरवर्क्स’ असतो. त्यात फोकस अनंतावर बांधला जातो आणि शटर काही सेकंद उघडे राहते. हातात धरून हे जमत नाही. ट्रायपॉड नसेल तर कॅमेरा कठड्यावर टेकवावा. ट्रायपॉडवर हाताची थरथर सावरणारा ‘स्टॅबिलायझर’ बंद करावा, कारण हालचाल नसतानाही तो ती शोधत बसतो. सगळे हाताने ठरवायचा ‘एम’ मोड असेल तर आयएसओ (संवेदनक्षमता) १००, एफ (लेन्सचे छिद्र) ५.६ आणि शटर २ ते ४ सेकंद इथून सुरुवात करावी. बाण वर निघताना बटण दाबावे, फुटल्यावर नव्हे. ४ सेकंदांच्या फोटोनंतर पडदा तेवढाच वेळ ‘बिझी’ दाखवतो, तो बिघाड नाही. फोटोतले रंगीत ठिपके (दाणे) काढण्यासाठी कॅमेरा शटर मिटून दुसरा काळा फोटो घेत असतो.

आता व्हिडिओ. पाळण्यांच्या आणि स्टॉलच्या दिव्यांखाली चित्रावर काळे पट्टे सरकतात, ही नेहमीची तक्रार. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. कॅमेरा ‘एनटीएससी’ या व्हिडिओ पद्धतीवर असेल तर तो सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेम (चित्रे) घेतो आणि मेळ बसत नाही. मेनूत ‘पाल’ ही दुसरी पद्धत निवडावी, म्हणजे २५ किंवा ५० फ्रेम मिळतात. शटर हाताने ठरवता येत असेल तर १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावे. परदेशातून आलेल्या कॅमेऱ्यांत हे घोळ जास्त; काहींत ‘पाल’चा पर्यायच नसतो, तिथे १/१०० शटर हाच उपाय.

डिजिटल झूम मेनूतून कायमचा बंद करावा. तो फक्त चित्र कापून मोठे करतो. हलगी वाजत असताना पुढ्यात उभे राहिल्यास आवाज फाटतो, थोडे मागे सरावे आणि माइकच्या बारीक भोकांवर बोट येऊ देऊ नये. दृश्य खेळण्यासारखे छोटे दाखवणाऱ्या ‘मिनिएचर’ परिणामात काही कॅमेरे आवाज टिपतच नाहीत, हेही आधी पाहावे.

१०८० पी (फुल एचडी) व्हिडिओ सेकंदाला २४ मेगाबिटने घेतला तर तासाला सुमारे ११ जीबी जागा लागते. कार्ड क्लास ४ पेक्षा (क्लास म्हणजे कार्डावर छापलेला वेगाचा आकडा) हळू असेल तर रेकॉर्डिंग मध्येच थांबू शकते. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डावर एक फाइल ४ जीबीच्या पुढे जात नाही, म्हणजे या वेगाने साधारण २३ मिनिटांत भरते. मग काही कॅमेरे नवी फाइल उघडतात, काही थेट बंद होतात. अक्षता सोहळ्याच्या ऐन मुहूर्तावर हे होऊ नये म्हणून आधीच एकदा थांबवून पुन्हा सुरू करावे. २००९ पूर्वीच्या कॅमेऱ्यांना ६४ जीबी कार्ड चालत नाही. त्याहून जुने काही तर २ जीबीवरच अडतात.

आपण वाचकांकडून यात्रेची छायाचित्रे मागवाल तेव्हा सूचनेत दोन ओळी जरूर घालाव्यात: फोटोवर तारीख छापणारा पर्याय बंद ठेवा, आणि आकार ‘लार्ज’ ठेवा. तारीख नंतर पुसता येत नाही आणि ६४० बाय ४८० चा फोटो छापताना दोन इंचांपलीकडे ताणता येत नाही.

आपला,
एक वाचक, सोलापूर