दोन वाऱ्यांच्या चित्राबद्दल तांडेलकाकांचे आभार

आदरणीय तांडेलकाका,
सप्रेम नमस्कार.

शिडांच्या बोटींच्या शर्यतीचे माझे तैलचित्र पाहून लोक माझे कौतुक करतात. त्यातला मोठा वाटा हर्णैच्या एका तांडेलाचा, म्हणजे मच्छीमार बोटीच्या प्रमुखाचा, आहे, हे त्यांनाही कळावे म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८६७ च्या उन्हाळ्यात, ऐन सव्विशीत, फ्रान्समधील ल आव्र बंदराशेजारच्या सेंत-आद्रेस येथील नौकाशर्यत रंगवली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील त्या चित्राची मी नक्कल करत होते. परंतु माझ्या बोटी नांगर टाकल्यासारख्या जागच्या जागी उभ्या होत्या. शिवाय चित्राला तोल यावा म्हणून उजवीकडच्या दोन बोटी मी स्वतःच्या मनाने उलट्या बाजूला कलवल्या होत्या. अंगणात वाळत ठेवलेला कॅनव्हास पाहून तुम्ही कुंपणापाशी थांबलात आणि एवढेच विचारलेत, "ताई, तुझ्या दर्यावर दोन वारे वाहतात की काय?"

मग खांद्यावरचा पंचा काढून त्याची एक कड तुम्ही बांबूला बांधलीत, मोकळे टोक मुठीत धरलेत आणि संध्याकाळच्या खाऱ्या वाऱ्यात शिडाचा फुगवटा मधोमध न येता काठीच्या बाजूला कसा येतो, टोक सैल सोडताच कड कशी फडफडू लागते, हे मला दाखवलेत. बोटीचे तोंड कुठेही असो, ती वारा ढकलेल त्याच बाजूला कलते, हे कोणत्याही चित्रकलेच्या वर्गात मला कोणी सांगितले नव्हते. जवसाचे तेल मी जरा सढळ हातानेच घातले होते, म्हणून आठवडा उलटूनही रंग ओला होता; त्या चुकीचा त्या दिवशी फायदाच झाला, कारण दोन्ही शिडे सुरीने अलगद खरवडून निघाली.

मूळ चित्राची छापील प्रत पाहून "पाणी भरतीचं आहे," असेही तुम्ही चटकन म्हणालात. ते अगदी खरे आहे. त्याच किनाऱ्याचे, थोड्याच अंतरावरून रंगवलेले मोने यांचे दुसरे चित्र शिकागोला आहे. त्यात ओहोटी आहे, आभाळ भरलेले आहे, आणि शर्यत पाहणाऱ्या नटलेल्या मंडळींच्या जागी किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या मच्छीमार होड्या आहेत. मोबाइलवर ते दाखवले तेव्हा "हे आपलं," असे म्हणून तुम्ही बराच वेळ पाहत राहिलात.

आता तेच रंगवायला घेतले आहे. होडी किनाऱ्यावर ओढल्यावर तिला टेकू कुठे देतात, हे विचारायला येत्या रविवारी येते.

आपली कृतज्ञ,
शेजारची चित्रकार