काका, डबा चालू आहे हो

काका,

समोर बसून आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा घे आधी, गार होतोय" म्हणून विषयच बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, आता कसं थांबवता बघू.

बाकीच्यांना थोडक्यात सांगतो. माझा मामा बोटीवर नोकरीला होता, त्याने ८० च्या दशकाच्या शेवटी बाहेरून एक डीएसी आणलेला, म्हणजे सीडी प्लेयरमधून येणारे आकडे घेऊन त्यांचा आवाज करणारा वेगळा डबा. मामा गेल्यावर तो माझ्याकडे आला. काळा, जड, पुढे एक हिरवा दिवा, बस. मी लॅपटॉपला लावला तर आवाजच नाही, दुसऱ्या दिवशी पण नाही, शेवटी "मेला हा" असं ठरवून टाकलं. एकाने तर न उघडताच सांगितलं की मेन आयसी उडालाय, मुकुटाची खूण असलेला मिळतो तो टाक, आवाज पण भारी होईल, आणि जो आकडा सांगितला त्यात माझा महिन्याचा किराणा आला असता. मी पैसे पाठवणारच होतो.

त्याच आठवड्यात पावसात डबा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पंचवटीतून तुमच्याकडे सिडकोला आलो, द्वारका चौकात पाऊण तास अडकलो ते वेगळंच. तुम्ही डब्याला हातही लावला नाही, आधी माझा लॅपटॉप उघडला आणि म्हणालात, "अरे हा ९६ वर सेट आहे, त्या डब्याला काय कळणार!" म्हणजे लॅपटॉप दर चॅनलला सेकंदाला ९६ हजार आकडे (९६ किलोहर्ट्झ) पाठवत होता, आणि त्या काळच्या रिसीव्हरला, म्हणजे आकडे आत घेणाऱ्या चिपला, ४८ किलोहर्ट्झच्या वर काही पकडताच येत नाही आणि सीडी तर ४४.१ ची. सेटिंग बदललं, आत रिले (छोटा आपोआप चालणारा स्विच) टक वाजला, हिरवा दिवा लागला आणि गाणं सुरू. मी इतका गाढवासारखा हसलो ना तेव्हा.

पण गाण्याखाली एक बारीक घूंऽऽ होती, आणि डावा चॅनल मधेच गायब व्हायचा. म्हणून मग झाकण काढलं.

खरं सांगू का, मला त्या दोन तासांचेच आभार मानायचेत. झाकण उघडल्यावर तुम्ही आधी काहीच केलं नाही, नुसतं बघत बसलात, टॉर्च घेऊन. मला एका मोठ्या कंडेन्सरखाली तपकिरी डाग दिसला, मी ओरडलोच की फुटलाय, लीक झालाय. तुम्ही टूथपिकने टोकरून दाखवलं की तो कारखान्यात लावलेला गोंद आहे, नवा असतो तेव्हा पिवळट, जुना झाला की तपकिरी होतो आणि मग तोच थोडाफार करंट वाहायला लागतो, तारा पण खातो, म्हणून काढायचाच, पण कंडेन्सरवर खापर फोडायचं नाही. मग तो मेन आयसी, आकड्यांचा आवाज करणारा टीडीए१५४१ए, फिलिप्सचा १६ बिटचा, २८ पायांचा. त्याच्याभोवतीचे छोटे कंडेन्सर तुम्ही मला मोजायला लावले. दोनदा मोजले, १४ भरले. "हे चौदाच्या चौदा जागेवर आहेत आणि सोल्डर कंपनीचीच आहे, म्हणजे कोणी हात घातलेला नाही, जुन्या मालात यापेक्षा चांगली बातमी नसते." शेजारचा फिल्टरचा आयसी इतका तापलेला की मी बोट मागे घेतलं, तर म्हणे तो तसाच तापतो, त्याचा स्वभावच आहे. मुकुट शोधला, नव्हता. तो म्हणजे कारखान्यातून निवडून काढलेल्या मालावरची खूण, आणि बाजारात खोटे मुकुट भरपूर फिरतात हे पण तेव्हाच कळलं. "चालतोय ना हा? मग मुकुट दाखवायचाय कोणाला?" इथेच माझे पैसे वाचले.

घूं निघाली पॉवर सप्लायमधून. आपली लाईन ५० हर्ट्झची, ब्रिजनंतर (एसीचं डीसी करणारे चार डायोड) तिची १०० होते, आणि ऐकू येत होती ती बरोबर तीच. त्या आयसीला +५, -५ आणि -१५ असे तीन व्होल्टेज लागतात, पैकी -१५ च्या बाजूचा मोठा कंडेन्सर सुकलेला, त्यामुळे रेग्युलेटरला, म्हणजे व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाला, मिळणारं व्होल्टेज प्रत्येक लाटेला खाली पडायचं आणि तो बिचारा सांभाळू शकायचा नाही. सप्लायचे चारही मोठे कंडेन्सर बदलले. डावा चॅनल म्हणजे निव्वळ ड्राय सोल्डर, म्हणजे सुटलेला जोड, मागच्या सॉकेटच्या पायाभोवती केसाएवढी गोल चीर, तुम्ही भिंगातून दाखवली नसती तर मला जन्मात दिसली नसती. आणि चालू करताना आधी सिरीज लॅम्प लावून, म्हणजे लाईनमध्ये मधे एक बल्ब, काही शॉर्ट असलं तर तोच पेटतो, आणि एक हात खिशात, शॉक लागला तरी छातीतून जायला नको म्हणून. माझा पण हात तुम्हीच खिशात घालायला लावलात, शाळेतल्यासारखा.

मग आला माझा शहाणपणा. मी म्हटलं बघा काका, माझ्या नव्या छोट्या डीएसीपेक्षा जुन्याचा आवाज किती भरीव आहे, तानपुरे कसे खोलीभर पसरतात. तुम्ही काही न बोलता ५० हर्ट्झचा टोन लावून दोन्हीच्या आउटपुटला मल्टिमीटर लावला. नवा २ व्होल्ट, जुना २.६. म्हणजे सव्वादोन डेसिबल जास्त, आणि कानाला जास्त आवाज म्हणजे चांगला आवाज वाटतो. एक पॉट (आवाज कमीजास्त करायचं बटण) लावून दोन्ही सारखे केले, प्लेयरची एक वायर याला, दुसरी त्याला, आणि स्विच काकूंच्या हातात, नाणं उडवून ठरवणार, मी भिंतीकडे तोंड करून. दहापैकी सहा बरोबर आले. सहा! नाण्यालाच विचारलं असतं तरी पाच आले असते. काकू म्हणाल्या, "मला तर दोन्ही सारखेच वाटले बाई, पण याचं तोंड बघण्यासारखं होतं." गाणं थांबल्यावर स्पीकरच्या ट्विटरला (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) कान लावला तर जुन्याची सूं थोडी जास्त येते, एवढा फरक मात्र मी डोळे मिटून सांगेन.

तुम्ही हसला नाहीत, हे मला फार लागलं, म्हणजे चांगल्या अर्थाने. दुसऱ्या कोणी असतं तर महिनाभर चिडवलं असतं.

डबा मी ठेवलाय. आवाज भारी म्हणून नाही, तो रिले टक वाजला की मामा आठवतो म्हणून. पैसे तर तुम्ही घेतले नाहीत, कंडेन्सरचे सुद्धा नाही, हे काही बरोबर नाही केलंत.

आणि झाकणाचा एक स्क्रू तुमच्या टेबलावरच राहिलाय. शनिवारी सकाळी येतो घ्यायला, मिसळ मी आणतो, काकूंना पोहे भिजवू नका म्हणून सांगा.