ब्राझीलचा शिलालेख आणि उजव्या हाताचा सूर्य

महोदय,

फिनिशियन, म्हणजे आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरचे प्राचीन दर्यावर्दी, ब्राझीलला पोहोचले होते, असे आपल्या रविवारच्या पुरवणीत ठामपणे लिहिले आहे. आधार दिला आहे तो ब्राझीलमधल्या पाराइबाच्या, फिनिशियन लिपीतल्या म्हणवल्या जाणाऱ्या शिलालेखाचा. तो दगड एकाही अभ्यासकाने पाहिलेला नाही. 1872 मध्ये रिओला आलेल्या एका पत्रात त्याची नक्कल तेवढी होती. तेथील राष्ट्रीय संग्रहालयाचे लादिस्लाउ नेत्तो यांनी आधी ती खरी मानली. पण ना दगड सापडला ना पत्र पाठवणारा, तेव्हा ती बनावट असल्याचे त्यांनी स्वतःच मान्य केले. लेखात याचा उल्लेखही नाही.

वाईट याचे वाटते की, या खोट्या दगडापायी खरी थोर सफर झाकोळली. इ.स.पू. 600च्या सुमारास इजिप्तचा राजा नेको याने फिनिशियन खलाशांना तांबड्या समुद्रातून आफ्रिकेला वळसा घालायला धाडले. शरद ऋतू आला की ते किनाऱ्याला लागत, धान्य पेरत, पीक हाती येईपर्यंत थांबत आणि पुन्हा शिडे उभारत. तिसऱ्या वर्षी ते जिब्राल्टरमार्गे परतले. हे सारे प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने लिहून ठेवले. वळसा घालताना सूर्य आमच्या उजव्या हाताला होता, असे खलाशांनी सांगितले होते. यावर आपला विश्वास नाही, असे हिरोडोटस म्हणतो, तरी नोंद मात्र करतो.

मी शाळेत भूगोल शिकवत असे. थंडीत भर दुपारी मुलांना मैदानात पश्चिमेकडे तोंड करून उभे करायची. सूर्य डावीकडेच दिसायचा. विषुववृत्ताच्या पार दक्षिणेला पश्चिमेकडे निघालेल्याला मात्र तो उजवीकडे दिसेल. घरबसल्या ही थाप कोणाला सुचली असती? काही इतिहासकारांना ही सफर अजून पटत नाही. मला पटते, ती या एका वाक्यामुळे.

भूमध्य समुद्राकडचा माल पुढच्या काळात आपल्याकडेही आला. कोल्हापूरला ब्रह्मपुरीच्या उत्खननात ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याची छोटी कांस्यमूर्ती सापडली. ती तिथल्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. पुरवणीत पाराइबाबाबत खुलासा छापाल तेव्हा शेजारी या मूर्तीचे छायाचित्र द्यावे, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अलिबाग