प्रार्थनेची विनंती की बातमी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या उपासनेला न चुकता जाणारी आणि उपासना संपली की कुणाशी दोन शब्दही न बोलता घरी परतणारी माणसं चर्चच्या प्रत्येक मंडळीत असतात. पाळकसाहेब दारात विचारतात, "घरचे बरे आहेत ना?" आपण "बरे आहेत" म्हणतो आणि मागच्याला वाट करून देतो. अशांना हल्ली बहुतेक ठिकाणी एकच सल्ला मिळतो, तुमच्या भागातल्या घरगुती गटात या. सल्ला चांगलाच आहे. मात्र तिथे नेमकं काय होतं आणि जाण्यापूर्वी काय विचारून घ्यावं, हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणून हे पत्र.

मी बँकेतून निवृत्त झालेली रोखपाल. पती गेल्यानंतर शेजारच्या एका बाईंनी आग्रह केला म्हणून गटात गेले आणि अजून जाते. आठवड्यातून एका संध्याकाळी कुणाच्या तरी घरी जमायचं, एखादं गीत, बायबलमधला एक उतारा, त्यावर बोलणं आणि शेवटी एकमेकांसाठी प्रार्थना, एवढाच कार्यक्रम. लोक बिचकतात ते मोठ्याने प्रार्थना करावी लागेल म्हणून. करावी लागत नाही. कॅथलिक मंडळींच्या लहान गटांत दक्षिण आफ्रिकेतल्या लुमको संस्थेने रूढ केलेली सात पायऱ्यांची पद्धत आहे. तिच्यात उतारा वाचून झाला की ज्याला जो शब्द भिडला तो त्याने फक्त उच्चारायचा आणि मग सगळ्यांनी काही वेळ गप्प बसायचं. आमचा गट कॅथलिक नाही, तरी आम्ही हे उचललं. वर्गात कधी हात वर न केलेली माणसंही त्यामुळे बोलती झाली.

घरात जमणं ही काही नवी टूम नव्हे. बायबलमधल्या प्रेषित पौलाच्या पत्रांत अक्विला-प्रिस्किल्ला या जोडप्याच्या घरची मंडळी भेटते, फिलेमोनाच्या घरची भेटते आणि नुंफेच्या घरचीही. मला सगळ्यांत आवडते ती १७४२ सालची हकिकत. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्ली यांच्या इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या लोकांवर सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज होतं. त्यांच्यातल्याच कॅप्टन फॉय यांनी सुचवलं, की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. काहींना तेवढंही झेपणार नाही, असं कुणी म्हणताच ते म्हणाले, सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांना जमलं नाही तर त्यांची भर मी घालीन. पेनी गोळा करायला घरोघर फिरताना कोण कसं जगतंय हे कळू लागलं, आणि त्यातूनच डझनभर माणसांचे साप्ताहिक 'क्लास' उभे राहिले. वसुलीतून सहभागिता निघाल्याचं दुसरं उदाहरण माझ्या तरी पाहण्यात नाही, आणि मी जन्मभर बँकेत होते.

डझनभर हा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. तासाभराच्या बोलण्यात बारा जणांना प्रत्येकी पाच मिनिटं येतात, वीस झाले की तीनच. व्यवहारात तीनसुद्धा येत नाहीत, कारण दोघे-तिघे बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. गट वाढला की त्याचे दोन करावेत. 'आपला गट फुटला' म्हणून रडणारे असतात, त्यांनी खुशाल रडावं. वेळेचंही तसंच. त्रोवस शहरात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला आणि खिडकीत बसलेला युतुख झोपेच्या भरात तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, हे बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात लिहून ठेवलेलं आहे. तिथे पौल हजर होता म्हणून पोरगा वाचला. आपल्याकडे घड्याळाकडे बघितलेलं बरं.

आता मुख्य मुद्दा. गटात सांगितलेली गोष्ट गटातच राहते का?

माझ्या मुलाच्या संसारात अडचण आली होती. मी ती गटात सांगितली, फक्त प्रार्थनेसाठी. त्या रविवारी उपासनेनंतर जिच्याशी माझी धड ओळखही नाही अशा एका बाईने माझा हात धरून विचारलं, "सून आली का परत?" तिच्या मनात वाईट काही नव्हतं. ज्यांनी तिला सांगितलं, त्यांच्याही नसेल. 'अमुकतमुकीसाठी प्रार्थना करा हं' एवढं म्हटलं, की कुणाच्याही घरातली गोष्ट उघड्या तोंडाने सांगायची मुभा मिळते. निंदानालस्ती पाप आहे हे सगळ्यांना पाठ असतं, म्हणून ती विनंतीचा वेष घेऊन येते. खातेदाराची शिल्लक त्याच्या सख्ख्या भावालाही सांगायची नाही, या शिस्तीत माझी नोकरी गेली. माणसाचं दुःख शिल्लकेपेक्षा हलकं समजायचं का?

मी गट सोडला नाही. गटप्रमुखांना घरी गाठून झालं ते सांगितलं. पुढच्या बैठकीत त्यांनी कुणाचं नाव न घेता नियमच घातला, की इथलं बोलणं दाराबाहेर जाणार नाही, पाळकांकडेसुद्धा ज्याचं त्याला विचारल्याशिवाय नाही. अपवाद एकच. कुणाच्या जिवाला धोका असेल, घरात मारहाण होत असेल किंवा लहान मुलाला त्रास दिला जात असेल, तर गप्प बसायचं नाही. तिथे नुसत्या प्रार्थनेवर न थांबता डॉक्टर, पोलीस, जाणकार समुपदेशक गाठायचे. नियम ऐकून एक-दोघे नाराज झाले, 'आपल्याच माणसांत कसले नियम?' म्हणाले. पण कधीच तोंड न उघडणाऱ्या एका गृहस्थांनी त्यानंतर आपल्या दारूविषयी सांगितलं. बायबलमधल्या याकोबाच्या पत्रात आपली पातकं एकमेकांजवळ कबूल करा असं म्हटलं आहे. ऐकणारा पोटात ठेवील याची खात्री असल्याशिवाय कोण करणार आहे?

पैशांबद्दलही एक वाक्य, जुनी खोड म्हणून. गटात उसनवारी, भिशी, विमा पॉलिसी यांतलं काहीही येऊ देऊ नये. अडलेल्याला मदत जरूर करावी, पण ती मंडळीच्या खजिनदारामार्फत, पावतीनिशी.

ज्यांना जायचं आहे त्यांनी आधी दोन-तीन वेळा पाहुणे म्हणून बसून पाहावं आणि गुप्ततेचा नियम आहे का, हे गटप्रमुखांना थेट विचारावं. या प्रश्नाने ते दुखावले तर दुसरा गट शोधावा. आपल्या वयाचे, आपल्या आवडीचेच लोक असावेत असा हट्ट मात्र धरू नये. रात्री-अपरात्री ताप चढला की आवडीनिवडी जुळणारा लांबचा माणूस कामाला येत नाही, दोन घरं सोडून राहणारा येतो, मग त्याचं गाणं कितीही बेसूर असो.

पाळकवर्गाला एक विनंती. भागवार गटांची यादी फलकावर लावावी. तिच्यात घर, वार, सुरू होण्याची वेळ आणि तितक्याच ठळक अक्षरांत संपण्याची वेळ द्यावी.

आपली,
एक निवृत्त रोखपाल