पन्नास वर्षं राहिलेलं

उसगाव, फोंडा
रविवार, रात्री

प्रिय बंड्या,

सलाम. तुझ्या नाताळच्या पत्राला जुलैत उत्तर देतोय, तेव्हा शिव्या मनातल्या मनात दे. तब्येत ठीक. शुगर आहे, गुडघा आहे, दोघंही आपापल्या जागी. हिचं मोतीबिंदूचं झालं. पुढे.

आज उपासनेत माझी फजिती झाली. दुसऱ्या कोणाला सांगितली तर ‘वय झालं’ म्हणतील, म्हणून तुला लिहितोय. राज्यकर्त्यांसाठीची मध्यस्थीची प्रार्थना माझ्याकडे होती. आमची मंडळी पंचवीस-तीस माणसांची, भाड्याचा हॉल, वर पत्र्यावर धो धो पाऊस. राष्ट्रपती झाले, पंतप्रधान झाले, मग ‘आमच्या भागाचे पुढारी’ म्हटलं आणि नाव जिभेवर येईना. विसरलो नव्हतो रे. झोपेतून उठवलंस तरी ते नाव सांगेन, दोन विशेषणं लावून. पण डोळे मिटून उभा, आणि गप्प. पाळकसाहेब म्हणतात अर्धा मिनिट, ही म्हणते पाच. शेवटी मागच्या खुर्चीवरच्या म्हातारीने ठणठणीत ‘आमेन’ म्हणून माझी सुटका केली. तिला वाटलं संपलं.

आमचा टिप्पर, खाणीचा माल वाहायचा ट्रक, तुला ठाऊक आहे. पूजेला नारळ नको, प्रार्थना पुरे, म्हणून तूच वाद घातलास आणि पेढे सगळ्यांत जास्त खाल्लेस. थोरल्याने २०१० साली कर्ज काढून घेतला. तेव्हा खाणींचा सुकाळ, दारावरून रात्रंदिवस ट्रिपा, जेवायला बसलं की भातावर लाल धूळ. २०१२ ला खाणी बंद, मधे थोड्या चालल्या, मग सुप्रीम कोर्टाने ८८ लीज रद्द केली आणि २०१८ च्या मार्चात पुन्हा सगळं ठप्प. कोर्टाला मी बोल लावत नाही. डोंगर कसे पोखरले ते वर्कशॉपच्या दारातून मीच बघत होतो, पगारही त्याचाच खाल्ला. राग आहे तो ओसरीवरच्या चहाचा. दर निवडणुकीला हेच पुढारी आमच्याकडे बसून, हिच्या हातचा चहा पिऊन ‘ह्या ऑक्टोबरात हंगाम धरा’ म्हणून सांगून गेले, आणि त्या भरवशावर पोराने गाडी विकली नाही. तेव्हा विकली असती तर अर्धी किंमत तरी हातात आली असती. पुढे लिलाव झाले, कुठे कुठे कामही सुरू झालं, पण आमच्या गाडीला ट्रिप नाही.

आता ती मागच्या अंगणात ताडपत्रीखाली आहे. हिने तवशीचा, म्हणजे काकडीचा, वेल लावला, तो फाळक्यावर चढलाय. केबिनमध्ये कोंबडी अंडी घालते, ड्रायव्हरच्याच सीटवर. आणि बंड्या, सात-आठ पावसाळे गेले तरी मोठी सर आली की मडगार्डच्या आतून अजून लाल पाणी गळतं. परवा छत्री घेऊन बघत उभा राहिलो. कुठे साठून राहिलं असेल इतकं? हिने आतून हाक मारली तेव्हा भानावर आलो.

गेल्या महिन्यात पाळकसाहेबांनी बायबलातल्या रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय घेतला. संकटाने धीर, धीराने शील, शीलाने आशा. थोरला माझ्या कानाशी लागून म्हणाला, “आणि हप्ते कशाने?” मी डोळे वटारले, पण हसू आलं. धीर म्हणजे हाताची घडी घालून बसणं, असं मी त्याला कधी शिकवलेलं नाही. लूकच्या शुभवर्तमानातली विधवा त्या अन्यायी न्यायाधीशाचं डोकं खायला परत परत जायचीच की. आमचाही पणजीला मोर्चाला गेला, दिवसभर उन्हात बसला, काळाठिक्कर होऊन आला.

आता तू म्हणशील, ‘नीरो’. म्हण. पन्नास वर्षं ह्याच संधीची वाट बघतोयस.

१९७५ चा पावसाळा. तुझे धाकटे काका मिसाखाली आत (मिसा म्हणजे आणीबाणीत विनाचौकशी आत टाकायचे तो कायदा, आमच्या इथल्या कॅथलिकांचं मीस, म्हणजे चर्चमधली उपासना, नव्हे). तुझ्या पप्पांनी पुलपिटवरून पंतप्रधानांचं नाव घेतलं तसा तू उठलास आणि दार आपटून बाहेर, तेही माझ्या चपला घालून. संध्याकाळी स्टेशनच्या पुलावर मी तुला ऐकवलं, पौलाने तीमथ्याला राजांसाठी प्रार्थना करायला सांगितलं तेव्हा रोमच्या गादीवर ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा नीरो होता! काय ती हुशारी, एकोणिसाव्या वर्षी. तू म्हणालास, “नीरोने तुझा काका उचलला असता तर?” आणि चार महिने अबोला. चपलाही गेल्या.

पण तू बाहेर गेल्यावर आत काय झालं, ते मी तुला सांगितलेलं नाही. पप्पा थांबले. दाराकडे बघितलंसुद्धा नाही. मग पंतप्रधानांच्या नावाला ‘आणि’ लावून त्यांनी काकांचं नाव घेतलं. शाळेतलं नव्हे, घरातलं. “आणि आमचा बाळू.” त्या दिवसांत, भर मंडळीत! दोघा सरकारी नोकरांनी खाडकन डोळे उघडले. माझे उघडेच होते, म्हणून मला दिसलं. “दोघांनाही तुझ्या हाती देतो,” एवढंच म्हणाले. ह्याला सोडव, तिला क्षमा कर, काही नाही. पौलाच्या त्या वचनात प्रार्थनेच्या जोडीला ‘रदबदल्या’ आहे बघ. रदबदली अडकलेल्या माणसासाठी करतात, आणि पप्पांच्या लेखी त्या दिवशी दोघंही अडकलेले होते. तेव्हा मला हे कळलं नाही. मी आपला नीरो घेऊन पुलावर आलो.

का सांगितलं नाही? आधी रागाने. मला स्वतःच्या अकलेवर जिंकायचं होतं, तुझ्या बापाच्या नावावर नाही. मग दिवाळीत तुझ्या ताईने आपल्याला एका ताटात बसवलं, त्यानंतर कशाला उकरायचं? काका सुटून आले, मी इकडे आलो. पप्पांच्या मातीला यायला निघालो तर अनमोड घाटात बस अडकली, पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. तुझं तोंड बघून धीर झाला नाही.

आज पत्र्याखाली उभा असताना तो ‘आणि’ आठवला. त्या पुढाऱ्यामागे मला थोरल्याचं नाव लावायचं होतं. मंडळीसमोर पोराच्या कर्जाचा विषय काढायची लाज वाटली, म्हणून पहिलंही नाव घशात अडकलं. आता वाटतं की राग त्यामानाने कमीच होता. शेजारच्या बायला सांगितलं तर ती हसत सुटली. म्हणे, पोर्तुगीज काळात बरं होतं, सगळं लॅटिनमध्ये, कोणासाठी मागणं चाललंय ते पाद्रीलाच ठाऊक.

सुनेची बदली झाली का? वहिनींचा खांदा? घराचं काही ठरवण्याआधी मला फोन कर, त्या भाच्याचं ऐकू नकोस.

शनिवारी हुबळीचं गिऱ्हाईक येतंय, गाडी भंगाराच्या भावात मागतंय. ही म्हणते, तवशी काढून होईपर्यंत थांबायला सांगा. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी पुन्हा माझंच नाव लावलंय, मुद्दाम.

आणि एक लगेच कळव. काकांना घरात बाळूच म्हणायचे ना? की इतक्या वर्षांत मीच ते नाव बदललं?

तुझा,
अण्या