आवाज खाली आणणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

नाव घालत नाही, तुम्हाला ते चालणार नाही. पण हे चार लोकांसमोर लिहायचं होतं. काल रात्री बाबांना तुमच्या स्टुडिओतलं मिक्स, म्हणजे रेकॉर्डिंगमधले सगळे आवाज जुळवून केलेलं गाणं, ऐकवलं आणि अजून मन थाऱ्यावर नाही.

बाबांच्या गोंधळाचं ते रेकॉर्डिंग आमच्या कळव्याच्या घरातलं. भिंतीला गाद्या उभ्या करून दोन माइकवर घेतलेलं. पुढे चार महिन्यांत त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात अजून उचलत नाही. संबळाचा तो ठोका पुन्हा मिळायचा नाही, हे मी तुमच्याआधी दोन ठिकाणी सांगितलं होतं. एकाने 'परत रेकॉर्ड करून आणा' म्हणत फाइल परत केली. दुसऱ्याने आधी मूळ फाइल लावली आणि लगेच स्वतःचं मिक्स दणदणीत आवाजात. खोली हादरली, मी भारावलो, पैसे मोजले. गाडीत इअरफोन लावले तर प्रत्येक ठोक्याला बाबांचा गळा आत ओढला जात होता, तुणतुणं फाटत होतं. याला काय कळतंय, असं धरून चालले ते. तो राग अजून गेलेला नाही.

तुमच्याकडे ठाण्याहून नेरूळची गाडी पकडून आलो तेव्हा आशा नव्हतीच. तुम्ही दोनदा नुसतं ऐकलंत आणि म्हणालात, संबळाची खर्जाची बाजू सगळी जागा खातेय. सगळ्या गाण्यावर एकच क्लिपर, म्हणजे आवाजाची टोकं कापणारं साधन, टाकला तर ठोक्याबरोबर त्याच क्षणीचा गळाही चिरडतो. म्हणून तुम्ही आवाजाचे तीन पट्टे केलेत आणि फक्त खालच्या पट्ट्यातली ठोक्यांची टोकं कापलीत. गळ्याला धक्का नाही. मग संबळाची एक प्रत बाजूला काढून ती पार खरखरीत होईपर्यंत डिस्टॉर्ट केलीत, तिचा खर्ज आणि वरची किरकिर गाळलीत आणि मूळ आवाजाखाली जेमतेम मिसळलीत. मोबाइलचा छोटा स्पीकर ८० हर्ट्झचा खर्ज वाजवूच शकत नाही, पण त्या खरखरीतून निघालेले २४०, ४०० हर्ट्झचे वरचे सूर वाजवतो आणि खालचा ठोका कान स्वतःच भरून घेतो. मी हे ऐकून थक्क झालो. दोन्ही प्रती एकाच क्षणी वाजतायत ना, हे तुम्ही लाट मोठी करून तपासलंत. केसभर मागेपुढे झालं तरी आवाज पोकळ होतो म्हणालात.

पण माझ्या मनात घर केलंय ते त्यानंतरच्या गोष्टीने. मला ऐकवण्याआधी तुम्ही मीटर बघून स्वतःचं मिक्स साडेतीन डेसिबलने खाली आणलंत. मी विचारलं, "कमी का करताय?" तुम्ही म्हणालात, "मोठं वाजलं की कुणालाही चांगलंच वाटतं. सारख्या आवाजात ऐक, मग सांग." आणि स्क्रीन बंद केलीत, कुठलं कुठलं ते दिसू नये म्हणून.

आमच्या मार्केटात एक मावशी आहे. माल टाकण्याआधी रिकामं पारडं गिऱ्हाइकाला दाखवते. कुणी मागत नाही, तरी दाखवते. तुम्ही तो फेडर, आवाज कमीजास्त करायची ती सरकपट्टी, खाली ओढलात तेव्हा मला तीच आठवली. अशी माणसं अजून आहेत, म्हणून आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती द्यायचा धीर होतो. त्या दुसऱ्या स्टुडिओतही हाच फेडर होता. तो खाली ओढायला एक बोट पुरलं असतं.

काल फोन बाबांच्या उशाशी ठेवून गाणं लावलं. इअरफोन नाही, साधा फोनचा स्पीकर. दुसऱ्या कडव्याला त्यांनी डावा हात वर केला. मी थांबवलं. म्हणाले, "इथे माझा ठोका उशिरा पडलाय." इतके दिवस तो ठोका कुणालाच ऐकू आला नव्हता, दादा. काढू का विचारलं तर म्हणाले, "राहू दे, माझाच आहे."

त्यांना तुम्हाला भेटायचंय. ठाण्याला उतरलात की फोन करा, मी स्टेशनवर घ्यायला येतो.

तुमचा,
कळव्याचा मुलगा